चहा, रस, सोडा आणि पाणी: आठवडाभराची वही कशी लिहायची आणि मग काय बदलायचं

‘मी कोल्ड्रिंक पीतच नाही,’ असं म्हणणाऱ्याची वही मी सगळ्यांत आधी बघतो. कोल्ड्रिंक नसतं हे खरं. पण चार कटिंग असतात, मशीनची कॉफी असते, संध्याकाळी त्र्यंबक रोडला गाडी थांबवून घेतलेला उसाचा रस असतो, आणि रात्री पाहुण्यांबरोबर ‘आता काय, थोडंसं’ म्हणून घेतलेलं सरबतही असतं.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअर्सला आहे. दोन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी, ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी ‘गोड पेयं कमी करा, पाणी वाढवा’ एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कमी म्हणजे किती, कुठून सुरुवात, याची वही मी स्वतःच सुरू केली. मग डिपार्टमेंटमधल्या, सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी ती माझ्याकडून घेतली आणि बहुतेकांनी एकाच पद्धतीने बिघडवली. सोमवारी सगळं बंद. दोन लिटरची नवी बाटली. गुरुवारी डोकं ठणकतंय, शुक्रवारी चहा डबल.

चूक क्रमाची असते. आधी मोजायचं, मग हिशोब करायचा, मग पाण्याची जागा लावायची, आणि त्यानंतरच एकेक गोड पेय कमी करायचं. पाणी गोड कमी करण्याच्या आधी का आणि शेवटी का नाही, ते चौथ्या पायरीवर सांगतो.

आधी हे वाचा: कोणी परस्पर सुरू करू नये

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पेयांतली साखर एकदम तोडू नका. गोळीचा डोस तुमच्या सध्याच्या खाण्यापिण्यावर बेतलेला असतो, त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोला. साखर अचानक उतरून घाम, थरथर, गरगर सुरू झाली तर त्या वेळी साखरेचं पाणी हेच औषध आहे. ते घ्या आणि वहीच्या हिशोबात धरू नका.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी दिवसाचं पाणी बांधून दिलेलं असेल तर खालची ‘पाणी वाढवा’ची पायरी तुमच्यासाठी नाही. मोजणीची पायरी मात्र करा, कारण चहा आणि ताकही त्या बांधलेल्या पाण्यातच धरायचं असतं.

१. तयारी: एका रविवारचं काम

लागतं एवढंच: खिशात मावेल अशी वही, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा (नसेल तर शेजारून तासाभरासाठी आणा) आणि मापाच्या खुणा असलेली एखादी बाटली.

पहिलं काम चमचा मोजायचं. तुमच्या घरात चहात ज्या चमच्याने साखर पडते तोच चमचा घ्या, आणि रोज जो माणूस चहा करतो त्यालाच साखर घालायला सांगा. एका वाटीत दहा चमचे टाका, वजन करा, दहाने भागा. एकच चमचा काट्यावर ठेवला तर आकडा भरवशाचा येत नाही, साध्या काट्याला एवढं कमी वजन नीट कळत नाही.

सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा असतो, पण सपाट चमच्याने साखर घालतो कोण? आमच्याकडे मी दहा चमचे टाकले तर ५० ग्रॅम भरले. आईने टाकले, ७२. चमचा तोच, डबा तोच. आई म्हणाली, ‘मग काय साखर डब्यात परत झटकून घालायची?’ तेव्हा कळलं की ‘मी दोनच चमचे घेतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. दोन चमचे म्हणजे ८ ग्रॅम की १४, हे हातावर ठरतं.

दुसरं काम भांडी मोजायचं. घरातला कप, स्टीलचा पेला, फुलपात्र, ऑफिसचा मग, सगळं पाण्याने भरून बाटलीत ओता आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काठोकाठ भरू नका, तुम्ही रोज जेवढं भरता तेवढंच. आमचा ‘छोटा कप’ १२० मिलीचा निघाला आणि पाण्याचा पेला २२० चा.

तिसरं काम बाहेरचं, आणि हेच सगळे टाळतात. टपरीवर साखर चमच्याने पडत नाही, वाटीने पडते, त्यामुळे ‘एका कपात किती’ हे चहावाल्यालाही सांगता येत नाही. त्याला वेगळा प्रश्न विचारा: ‘एका वेळी किती चहा टाकता आणि त्याला साखर किती?’ आमच्या गेटबाहेरच्याने सांगितलं, दोन लिटर चहाला पावशेर. म्हणजे २५० ग्रॅम. कटिंगचा ग्लास ६० मिलीचा, म्हणजे दोन लिटरचे ३३ कटिंग. एका कटिंगला साडेसात ग्रॅम! घरच्या अख्ख्या कपापेक्षा फार कमी नाही. थंडी-पावसाळ्यात तो आलं वाढवतो तेव्हा साखरही वाढवतो, हेही त्यानेच हसत सांगितलं.

रसवंतीवर बिनबर्फाचा रस मागा आणि एकदाच तो आपल्या मापाच्या बाटलीत ओतून घ्या. बर्फाच्या ग्लासात नेमका रस किती होता हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. ‘पार्सल का?’ असं विचारतील. हो म्हणा.

तपासा: वही न उघडता सांगता येतंय का, ‘माझा चमचा इतक्या ग्रॅमचा, माझा कप इतक्या मिलीचा, टपरीचा कटिंग इतक्या ग्रॅमचा’? येत नसेल तर पुढे जाऊ नका. पुढचा सगळा हिशोब या तीन आकड्यांवर उभा आहे.

२. सात दिवस लिहा, काहीही बदलू नका

एका पानावर एक दिवस, पाच रकाने. वेळ, काय प्यायलं, किती, कुठे आणि कोणाबरोबर, आणि शेवटचा रकाना: तहान होती का? हो किंवा नाही. शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. चौथ्या पायरीचं सगळं काम त्याच्यावर चालतं.

माझ्या पहिल्या वहीतला एक मंगळवार, साखरेचे आकडे नंतर भरलेले:

सकाळी ६.१५, घरचा चहा, १२० मिली, दोन चमचे, तहान नाही: १० ग्रॅम
९.४०, कटिंग, गेटबाहेर, तिघे होतो, तहान नाही: ७.५
११.३०, मशीनची कॉफी, जागेवर, तहान हो: १०
१.३०, ताक, डब्यातलं, बिनसाखरेचं, तहान हो: ०
४.००, कटिंग, तहान हो: ७.५
६.३०, उसाचा रस, २५० मिली, एकटाच, तहान हो: ३०
रात्री ९.३०, लिंबू सरबत, पाहुणे, तहान नाही: १२

बेरीज ७७ ग्रॅम. कोल्ड्रिंकचा थेंब नाही. आणि दिवसभरात साधं पाणी? दोन पेले, तेही जेवताना.

लिहिताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. रात्री झोपताना आठवून लिहिलं की एक तरी कटिंग गळतो, म्हणून पिऊन झालं की लगेच लिहा. वही नकोशी वाटत असेल तर मोबाइलमध्ये स्वतःलाच मेसेज टाका, पण उभ्याउभ्याच. दुसरं, मुलाने अर्धी सोडलेली आंब्याच्या पेयाची डबी ‘वाया नको जायला’ म्हणून आई किंवा बाबा संपवतात आणि ती कोणाच्याच नावावर पडत नाही. ती तुमच्या नावावर लिहा. तिसरं, ‘अर्धाच कप’ हा शब्द वहीत चालणार नाही, मिली लिहा. लग्नाचा, नवरात्राच्या उपवासाचा किंवा गावच्या जत्रेचा आठवडा निवडू नका. आणि रविवार त्यात हवाच, रविवारी मिसळ खायला बाहेर पडणाऱ्याची वही वेगळीच दिसते.

सावधान: वही सुरू झाली की माणूस आपोआप सुधारतो. तिसऱ्या दिवशी ‘लिहावं लागेल’ म्हणून कटिंग टाळला जातो. हे चांगलं वाटतं, पण आकडा खोटा येतो. सात दिवस रोजच्यासारखंच प्या.

३. हिशोब: लेबल कसं वाचायचं आणि काय मोजायचं नाही

बाटलीबंद पेयाच्या मागच्या तक्त्यात तीन जागा बघा. १०० मिलीला साखर किती, एक सर्व्हिंग किती मिलीचं, आणि बाटली एकूण किती मिलीची. लोक सर्व्हिंगचा आकडा वाचून थांबतात. सर्व्हिंग २०० मिलीचं, बाटली ६०० ची, आणि आपण पितो अख्खी बाटली. म्हणून नेहमी १०० मिलीचाच आकडा घ्या आणि प्यायलेल्या मिलीने गुणा. साध्या कोलात १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलीची छोटी बाटली म्हणजे २६-२७ ग्रॅम, ६०० मिलीची म्हणजे साठच्या वर.

तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ अशा दोन ओळी असतात. फ्लेवर्ड दूध, लस्सी यांच्यासाठी दुसरी ओळ बघा. दुधातली स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, आपल्याला मोजायची नाही. तुमच्या चहातलं दूध आणि ताकही त्यामुळे शून्यच. शेजारी जी टक्केवारी छापलेली असते ती दिवसाला वरून घातलेल्या ५० ग्रॅम साखरेवर काढलेली असते. ‘५० टक्के’ म्हणजे २५ ग्रॅम.

उसाच्या रसाला लेबल नाही. ऊस किती पक्का आहे त्यावर १०० मिलीला १० ते १५ ग्रॅम धरतात. मी मधला १२ धरतो, म्हणजे २५० मिलीला ३०. ‘ते नैसर्गिक आहे’ हा युक्तिवाद रसवंतीच्या घुंगरांइतकाच गोड आहे. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली आणि मधातली साखरही मोजायच्या साखरेतच धरते. ‘साखर घातलेली नाही’ असं छापलेल्या डबाबंद रसाचंही तेच. शहाळ्याच्या पाण्यात साखर बरीच कमी असते, १०० मिलीला साधारण ३ ते ५ ग्रॅम, म्हणून मी ते लिहितो, पण त्यावरून घरात वाद घालत नाही.

गुळाच्या चहाबद्दल. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या लागल्यात. गूळ बहुतांशी साखरच आहे, वहीत ग्रॅमला ग्रॅम लिहा. चवीसाठी प्यायचा तर जरूर प्या, सूट म्हणून नको.

आता मर्यादा. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने अशी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमल्यास २५ च्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. यात बिस्किटं, शिरा, श्रीखंड सगळं आलं. म्हणजे ५० ग्रॅम एकट्या पेयांना द्यायचे नाहीत. मी पेयांसाठी २५ ग्रॅम हा आकडा धरला. तो पहिल्या आठवड्यात गाठायचा नाही. माझा ७७ वरून २५ ला यायला तीन महिने लागले.

तपासा: सात दिवसांची बेरीज सातने भागा. मग सगळ्यांत मोठ्या दोन नोंदींभोवती गोल करा. बहुतेकांच्या वहीत निम्म्याच्या आसपास साखर दोनच ठिकाणांहून येते. पुढे काम फक्त त्या दोन गोलांवर.

४. पाण्याची जागा लावा (गोड काही कमी करण्याआधी)

परत शेवटचा रकाना बघा. माझ्या मंगळवारी ‘तहान हो’ समोर कॉफी, कटिंग आणि रस होते. म्हणजे शरीर पाणी मागत होतं आणि मी त्याला साखर देत होतो. तहान आधी पाण्याने भागवली तर गोड पेय मागण्याचं अर्धं कारण संपतं. म्हणून पाणी आधी. हे न करता थेट चहा तोडणारा माणूस तहानलेला आणि चिडलेला, दोन्ही असतो.

किती? मोठ्या माणसाला दिवसभरात अन्नातलं आणि सगळ्या पेयांतलं धरून साधारण दोन ते अडीच लिटर पाणी लागतं, त्यातला पाचवा हिस्सा भाजी, आमटी, फळांतूनच येतो. चहाही त्यात धरायचा, ‘चहाने पाणी उडतं’ हे रोजच्या चहाइतक्या प्रमाणाला लागू नाही. तेव्हा साधं पाणी सहा ते आठ पेले बहुतेकांना पुरतं. भट्टीजवळ उभं राहणारा, द्राक्षबागेत दिवसभर असणारा, एप्रिलमध्ये दुचाकीवर डिलिव्हरी करणारा, यांना जास्त लागतं. आकड्यापेक्षा लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर बरोबर, गडद असेल तर कमी पडतंय. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी रंग गडद पिवळा होतो आणि बीट खाल्लं तर लालसर, तेव्हा घाबरू नका.

आता जागा. ‘दिवसभरात आठ ग्लास पिईन’ असा संकल्प दुपारपर्यंतच टिकतो. पेला कशाला तरी बांधा:

उठल्यावर, चहा गॅसवर चढवण्याआधी एक.
कामावर पोचल्यावर बॅग ठेवली की एक.
बाहेर चहाला निघायच्या आधी एक. हा सगळ्यांत महत्त्वाचा.
जेवणाबरोबर एक.
साडेतीनला एक, म्हणजे चारच्या कटिंगच्या अर्धा तास आधी.
घरी निघताना एक. माझा रसवंतीचा ग्लास या एका पेल्याने मोडला.
घरी आल्यावर एक.

बाटली नजरेसमोर हवी. माझी आधी ड्रॉवरमध्ये होती, संध्याकाळी भरलेली तशीच घरी जायची. टेबलावर संगणकाच्या डाव्या हाताला ठेवली आणि बारापर्यंत संपायला लागली. घरात माठावर ओगराळं आणि पेला कायम ठेवा, पेला शोधायला स्वयंपाकघरात जावं लागलं की फ्रीज उघडला जातो. बाटली रोज ब्रशने घासा. ‘पाण्याला वास येतो म्हणून पीत नाही’ म्हणणाऱ्याची बाटली मी एकदा उघडून बघितली होती. झाकणाच्या रबराखाली हिरवा थर. तांब्याच्या बाटलीत फक्त पाणी. लिंबू, ताक, कोकम त्यात अजिबात नको, आंबटाने तांबं पाण्यात उतरतं.

बाहेर फिरतीचं काम असणाऱ्या बायकांची अडचण वेगळी आहे आणि ती आळसाची नाही. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांना ‘पाणी प्या’ सांगणं सोपं आहे. आमच्या सोसायटीतल्या एका विक्री प्रतिनिधीने वेगळा रस्ता काढला. तिने आधी रोजच्या फेरीवरची वापरण्याजोगी ठिकाणं लिहून काढली, एक बँक, दोन ओळखीची दुकानं, एक हॉटेल, आणि पाण्याचे पेले त्या ठिकाणांच्या आधी लावले. दिवसाचं निम्मं पाणी सकाळी निघायच्या दीड-दोन तास आधी आणि घरी परतल्यावर. आदर्श नाही, पण लघवीची जळजळ थांबली असं ती म्हणते.

हिवाळ्याची गोम लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत इथे हुडहुडी भरते, तहान लागत नाही, आणि चहाचे कप मात्र वाढतात. तेव्हा थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. हात गरम पेल्याभोवती धरायला मिळाले की निम्म्या वेळा चहाची आठवण होत नाही.

सावधान: राहिलेला कोटा भरायला रात्री एकदम लिटरभर पिऊ नका. झोपमोड तर होतेच, आणि थोड्या वेळात खूप पाणी रिचवल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. राहिलं तर राहिलं.

तपासा: ही पायरी एकटीच दहा दिवस चालवा. अकराव्या दिवशी एक दिवसाची वही लिहा. ‘तहान हो’ समोरची गोड पेयं कमी झालेली दिसतील. नसतील तर पेल्यांच्या वेळा चुकल्यात, त्या गोड पेयाच्या अर्धा तास आधी सरकवा.

५. एका वेळी एकच गोल

आता ते दोन गोल घ्या. त्यातलाही एकच, दोन आठवडे. घरचं आणि बाहेरचं गोड पेय वेगळ्या पद्धतीने कमी होतं.

घरच्या चहात साखर तुमच्या हातात आहे, म्हणून कप तेवढेच ठेवा आणि साखर उतरवा. दर दहा दिवसांनी पाव चमचा. एवढा फरक जिभेला कळत नाही. कळला तर दहाचे पंधरा दिवस करा. दोनवरून एकदम शून्यावर जाणारा माणूस आठवड्यात परत दोनवर येतो, आणि वर ‘मला जमत नाही’ असा शिक्का मारून घेतो. एकत्र चहा होत असेल तर साखर भांड्यात न घालता कपात घाला, नाहीतर तुमच्या पावचमच्याने घरात भांडण.

बाहेरच्या कटिंगमधली साखर तुमच्या हातात नाही. तिथे कप कमी करा. मात्र दिवसाला पाच-सहा चहा असतील तर तीन-चार दिवसांनी एक कप असं उतरा. कॅफीन अचानक तुटलं की डोकं दुखतं, आणि लोकांना वाटतं साखर सोडल्यामुळे अशक्तपणा आला. ‘तहान नाही, तिघे होतो’ अशी नोंद असेल तर तिथे जाणं सोडू नका. चहासाठी नाही, गप्पांसाठी जाता. आमच्या ग्रुपमध्ये आता तिघांत दोन कटिंग येतात. चहावाला आधी तिसरा ग्लास भरून मोकळा व्हायचा, आता विचारतो.

रसवंतीला वन बाय टू सांगा. एकटे असाल तर अर्धा ग्लास मागा, आणि वार ठरवा. ‘कधीतरी’ म्हटलं की तो कधीतरी रोज येतो.

चारच्या सुमारास गोड हवंच वाटतं ते बऱ्याचदा भुकेने. दुपारचा डबा साडेबाराला संपलेला असतो. फुटाणे, शेंगदाणे, एखादं फळ जवळ ठेवा आणि आठ दिवस बघा. रात्रपाळीत एनर्जी ड्रिंक घेणाऱ्या पोरांना मी एवढंच दाखवतो: २५० मिलीच्या कॅनचं लेबल, साखर अनेकदा पंचवीस ग्रॅमच्या वर, वर कॅफीन, आणि खाली बारीक अक्षरांत ‘लहान मुलं, गरोदर व स्तनदा महिलांसाठी नाही’.

‘झिरो’ पेयांत साखर शून्य, म्हणून ती वहीत शून्य लिहा, पण लिहा. वजन उतरवण्यासाठी कृत्रिम गोडव्यावर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटलं आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही. माझं मत, महिना-दोन महिने कुबडी म्हणून ठीक. गोडाची सवय मात्र त्याने जात नाही.

आणि पाहुणचार. ‘चहा नको’ म्हटलं की ‘अर्धा कप तरी’ येतोच, आणि त्यानंतर नाही म्हणणं म्हणजे अपमान. म्हणून नकार देऊ नका, काहीतरी मागा. सिडकोतल्या आत्याकडे माझं हे चालतं: ‘आत्या, चहा नंतर. आधी तुमच्या माठातलं पाणी द्या, तांब्याभर.’ पाणी आलं, गप्पा झाल्या, चहाचा विषय निघाला तर ‘माझा बिनसाखरेचा टाका.’ त्यावर ती म्हणते, ‘अरे, अजून वय काय तुझं!’ आणि बिनसाखरेचा टाकते.

६. घरात काय तयार ठेवायचं

ताक: एक वाटी दह्याला तीन-चार वाट्या पाणी, जिरेपूड, कोथिंबीर. मीठ चिमटीने, रक्तदाब असेल तर तेही नको. विकतच्या मसाला ताकात मीठ किती ते लेबलवर बघा.

कोकम: इथे नव्वद टक्के लोक चुकतात, हा माझा अंदाज आहे, पण पैज लावतो. बाटलीवर ‘कोकम सरबत’ किंवा ‘अमृत’ असेल तर तो साखरेचा पाक आहे. ‘कोकम आगळ’ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यात साखर नसते. पेलाभर पाण्याला एक-दोन चमचे आगळ, जिरेपूड. वरून मीठ घालू नका, ते आधीच खारट असतं.

पन्हं कराल तर गूळ काट्यावर तोलून घाला आणि किती पेले झाले ते मोजून भागा. लिंबूपाणी मीठ-जिऱ्याचं, साखर अर्ध्या चमच्यापासून सुरू करून उतरवा. सब्जा भिजवून घातला की पेला भरल्यासारखा वाटतो. मुलांसाठी नारिंगी पावडरीचा डबा घरात आणूच नका. घरात नसलेल्या वस्तूवरून रोज वाद घालावा लागत नाही.

७. उन्हाळा आणि ओआरएसचा घोळ

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की लोक ओआरएस सरबतासारखं पितात. ते जुलाब-उलट्यांत गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला आहे. उन्हात खूप घाम गाळून थकवा आला तर वापरा, एसीत बसून नको. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. ओआरएस नाव लावून कितीतरी जास्त साखरेची पेयं मेडिकलच्या काउंटरवर विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तरी पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का बघा.

लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच, एकदम. अर्धं पाकीट अंदाजाने एका पेल्यात घालू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. पाकीट मिळेपर्यंत घरी: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने खरवडून सपाट. आईच्या हातचा नाही.

सावधान: उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं किंवा शुद्ध हरपली तर ते पाणी पाजून बरं होण्यातलं नाही. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

८. महिन्याची फेरतपासणी

रोज वही आयुष्यभर कोणी लिहीत नाही, लिहूही नये. महिन्यातून तीन दिवस लिहा: दोन कामाचे, एक रविवार. त्याच भांड्यांनी, त्याच आकड्यांनी. घरात नवे कप आले तर पहिलं पान परत करा. टपरी बदलली तरी परत विचारा.

आकडा वाढलेला दिसला तर सगळं नव्याने सुरू करू नका. कोणती नोंद नवी आली तेवढी शोधा. माझ्या वहीत गेल्या पावसाळ्यात १५ ग्रॅम वाढले होते. कारण निघालं एकच, कंपनीने मशीन बदललं आणि नव्या मशीनच्या कॉफीत साखर आधीच मिसळलेली होती.

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करू नका. तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, पंधरा दिवसांच्या मेहनतीचं फळ त्यात दिसत नाही आणि लोक उगाच खट्टू होतात. माझा सहा महिन्यांनी ५.८ आला. त्यात रोजच्या पाऊण तास चालण्याचा वाटा किती आणि वहीचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

मागच्या शनिवारची नोंद: ६.४०, उसाचा रस, अर्धा, बिनबर्फाचा, मुलीबरोबर. तहान नाही. १५ ग्रॅम.